दोन इंच जास्त

गड्डीगोदामला, रेल्वेच्या पुलाच्या अलीकडे माझी टपरी.
वर पत्रा, पत्र्यावर ओलं पोतं,
मे महिन्यात तेही दहा वाजताच खडखडीत.
बाप लगाम शिवायचा, टांगे होते तेव्हा.
मी चपला, दप्तरांचे बंद,
कधी ढोलकीची ओढ.

त्या दुपारी टाकळीच्या लाइनीतून फौजदार बाई आल्या.
छातीवर पाटी : सु. तितरमारे.
मी वाचलं आणि हसू दाबलं.
"पणजोबानं मारले असतील तितर," त्याच म्हणाल्या,
"मी तं अजून चिमणीबी नाई मारली."

मग गोळ्या काढून खिशात टाकल्या
आणि चिंचेच्या ओंडक्यावर, जिथं मी टाचा ठोकतो,
तिथं रिव्हॉल्व्हर ठेवलं.
नळी सहा इंची. सरकारी म्यान चार इंचीचं.
फाटक्या मोज्यातून अंगठा यावा
तशी खालून दोन इंच उघडी.

"जीपमधी बसली का सीटमधी रुतते,
जिना चढताना कठड्याले ठण्ण.
चोराले आधीच समजते, मॅडम आल्या."

मग बदलून का नाही घेत?
"कोतात हेच उरलं होतं."
आणि जरा थांबून,
"खरं सांगू का, नेम याचाच लागते.
माशी जितकी लांब, तितका हात खोटं बोलत नाई."

माशी म्हणजे नळीच्या टोकावरचा तो दाणा,
हे मला नंतर कळलं.
मी आधी जेवणाचा डबा झाकला होता.

दोऱ्यानं माप घेतलं. लोखंड उन्हानं तापलेलं.
आजवर मापं घेतली ती पायांची,
पाय गुदगुल्या होऊन हलतो, बोटं आखडतो.
हे हललं नाही.
म्हशीचं कातडं, मेणाचा दोरा, दुहेरी टाका,
तळाशी एक भोक, घाम गळून जायला.
साडेतीनशे सांगितले, चारशे ठेवून गेल्या.

पोळा झाला. मारबत निघाली, जळाली.
चार दिवसांनी बाई परत,
वरची फीत बटणासकट तुटलेली.

कातडं मला वाचता येतं.
चप्पल बघून सांगतो, कोण पाय ओढतो,
कोण दारात उभाच राहतो, आत जात नाही.
हे कातडं वरून तळहाताखाली काळं पडलेलं,
आतून कोरं.
फक्त एक ओरखडा, तळापासून तोंडापर्यंत,
माशीनं काढलेला.
एकदाच. घाईत.

मी विचारलं नाही. आरी उचलली.
सोबतचा शिपाई उमरे,
उसाच्या रसाचा ग्लास हातात धरून तोच बोलला :
"बुधवारीतल्या पोट्ट्यानं कोयता उगारला होता, भाऊ.
मॅडमनं हात घातला, पण लांब नळी, निघता निघेना.
तेवढ्यात वरच्या खिडकीतून त्याची माय वरडली,
निल्या, सकाळपासून जेवला नाई बे तू!
अन् त्यानं कोयता टाकला ना. खालीच बसला, रडत."

"उमरे," बाई म्हणाल्या.
एवढंच.
त्यांचा हात मांडीवर होता,
जिथं म्यान नव्हतं, तिथं.

दोन इंचांना माझे आठ टाके लागतात.
आरी आत, दोरा आत, दोरा बाहेर, ओढ.
मी त्या दिवशी मोजून घातले.
सहाव्याला त्याची माय खिडकीशी आली असेल,
किंवा सातव्याला.

दिवाळीनंतर लाइनीत नवी पिस्तुलं आली,
आखूड, काळी, प्लॅस्टिकच्या म्यानासकट.
जुनं म्यान उमरे घेऊन आला :
"मॅडम म्हणाल्या, ज्याचं त्याले द्या."
मी विचारलं, नेम कसा लागतो आता?
उमऱ्यानं खांदे उडवले.

ते आता खिळ्याला टांगलंय.
त्यात मी आऱ्या ठेवतो, लांब दांड्याच्या.
बारकी तेवढी तळाच्या भोकातून खाली पडते,
रोज वाकून शोधावी लागते.
भोक बुजवावं म्हणतो.
राहूनच जातं.